‘सोप्या भाषेत सांगा’ म्हणजे नक्की काय करायचं? (विकसनशील देशांतला विज्ञानसंवाद)

टाचणवही

नमस्कार मंडळी,

चक्रीवादळाच्या पूर्वसूचनेबद्दलचं एक माहितीपत्रक इंग्रजीतून मराठीत आणायचं काम घेतलं आहे. अट एकच, ‘सोप्या भाषेत हवं’. पहिल्याच परिच्छेदात ‘स्टॉर्म सर्ज’ (वादळाच्या वाऱ्याने समुद्राचं पाणी चढून गावात शिरणं) भेटला आणि तीन दिवस झाले, गाडी तिथेच रुतली आहे.

उगाच शब्दाचा कीस काढतोय असं वाटेल, म्हणून पार्श्वभूमी सांगतो. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान हे चक्रीवादळ फिलिपिन्सवर आदळलं. तिथे त्याला योलांडा म्हणतात. तिथल्या हवामान खात्याने आधीच सांगितलं होतं की ७ मीटरपर्यंत ‘स्टॉर्म सर्ज’ येऊ शकतो. अंदाज चुकला नव्हता, बातम्यांतून तो पोचलाही होता. तरी ६ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली कितीतरी टाक्लोबान शहरात आणि आसपास. जे वाचले त्यांच्याकडून नंतर एकच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकू आली: स्टॉर्म सर्ज म्हणजे काय ते आम्हाला कळलंच नाही, त्सुनामीसारखं पाणी येणार असं म्हणाला असतात तर पळालो असतो. तिथली बोली वाराय, आणि तिच्यात या प्रकाराला रुळलेला शब्द नव्हता. वादळ म्हणजे वारा आणि पाऊस, एवढीच लोकांची कल्पना. त्या दोन्हींची तयारी त्यांनी केली होती.

तर आता मराठीत काय लिहू? ‘वादळी लाट’ म्हटलं तर एक लाट येऊन जाईल असं वाटतं. ‘सागरी उसळी’ शेअर बाजाराच्या बातमीसारखं वाटतं. आणि मूळ प्रश्न असा, की आपल्यासारख्या देशांत विज्ञान लोकांपर्यंत नेताना जो तो ‘सोपं करा’ म्हणतो. ते सोपं करणं म्हणजे अवघड शब्द काढून टाकणं, एवढंच का?

खारवारा

उधाण! शब्द घरात आहे आणि शोध गावभर. ‘वादळी उधाण’ लिहा आणि मोकळे व्हा.

वाचनमात्र

+१ उधाण.

जुनी_पाटी

मला नाही पटत. उधाण दर अमावास्या-पौर्णिमेला येतं आणि ओसरतं. किनाऱ्यावरच्या माणसाने ते जन्मभर पाहिलेलं असतं. ओळखीचा शब्द दिलात की तो ओळखीचीच तयारी करणार: होड्या वर ओढून ठेवेल आणि झोपेल. टाक्लोबानमध्ये शब्द परका होता म्हणून घात झाला, इथे शब्द घरचा आहे म्हणून होईल.

खारवारा

पाटीताई, हे डोक्यात आलं नव्हतं. मागे घेतो.

फरक खरंच मोठा आहे. उधाण चंद्र-सूर्याच्या ओढीचं, त्याचं वेळापत्रक ठरलेलं. इथे वारा तासन् तास समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतो. हवेचा दाब कमी झाल्यामुळेही पाणी थोडं फुगतं, पण १ हेक्टोपास्कल दाब उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं, म्हणजे जबर वादळातही त्याचा वाटा एखाद्या मीटरच्या आतबाहेर. बाकीचं काम वाऱ्याचं. समुद्र उथळ असेल किंवा खाडी नरसाळ्यासारखी असेल तर त्या पाण्याला जायला जागा नसते, मग ते गावात शिरतं. आणि नेमकी नेहमीच्या भरतीची वेळ साधली तर दोन्हींची बेरीज. लाटा त्यावर वेगळ्या.

टाचणवही

हे तीन ओळींत कसं बसवू ते सांगा!

जुनी_पाटी

बसवूच नका. पाणी का चढतं हे त्या रात्री कुणाला हवंय? कुठवर चढणार ते हवंय.

अवांतर: शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून. इंग्रजीत लोक ‘ही तर नुसती थिअरी आहे’ म्हणून उत्क्रांती झटकून टाकतात. मराठीत उलटी पंचाईत. आपला ‘सिद्धांत’ ऐकूनच सिद्ध झालेला वाटतो, त्यामुळे विज्ञानात सुधारणा झाली की लोकांना फसवल्यासारखं होतं. ‘लस’ हा शब्द तर जखमेतून वाहते त्या लशीचा. देवीच्या काळात फोडातलाच द्राव टोचायचे, तेव्हा तो शब्द अगदी नेमका होता. आणि रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून आनंदाने घरी गेलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

दीडशहाणा

चर्चा रंगली आहे, पण क्षमा करा, हे शब्दांचे खेळ आहेत. खरी अडचण अज्ञान ही आहे. गरीब देशांत शाळा धड नाहीत, त्यामुळे माणसं विज्ञानावर विश्वास ठेवत नाहीत. शाळा सुधारा, पुढच्या पिढीपासून प्रश्न मिटेल. तोवर कितीही गोड शब्दांत सांगा, पालथ्या घड्यावर पाणी.

मृद्गंध_

दीडशहाणा, तुमचं म्हणणं मीही एके काळी मान्य केलं असतं. बांगलादेशात पाण्याच्या कामावर काही वर्षं होते, त्यानंतर ते जमेना. जरा सविस्तर लिहिते.

तळ्या-नद्यांचं पाणी पिऊन जुलाबाने मुलं मरत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून सरकारने आणि युनिसेफने गावोगाव हातपंप बसवायला मदत केली. प्रचार इतका यशस्वी झाला की लोक स्वतःच्या पैशाने पंप बसवू लागले. पंपाचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हे विज्ञान घराघरात पोचलं. मग १९९३ मध्ये त्याच पाण्यात आर्सेनिक सापडलं. ते खालच्या गाळातूनच येतं, त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि त्रास दिसायला अनेक वर्षं जातात. म्हणजे आता लोकांना सांगायचं काय, तर ‘काल आम्हीच जे प्या म्हणालो ते आज पिऊ नका’.

संदेश मात्र याहून सोपा असूच शकत नाही. सुमारे ५० लाख पंप तपासले गेले. लीटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक असेल तर तोंडाला लाल रंग, कमी असेल तर हिरवा. अक्षर ओळखही नको. आणि लोकांना तो कळला. विचारलं तर न अडखळता सांगायचे की लाल म्हणजे विष.

आणि त्याच लाल पंपावर हंडा भरायचे.

कारण हिरवा पंप दुसऱ्याच्या अंगणात. तिथे दिवसातून चार वेळा परक्या घरात पाणी मागायला सुनेने जायचं कसं? अंतर वाढलं की बदल कमी, हे तिथल्या पाहण्यांतही दिसलं. काही घरांना लाल रंगाचीच लाज, कारण आर्सेनिकने तळहातावर डाग पडलेल्या मुलीचं लग्न ठरेना. मग पंपाचा रंग खरवडून टाकायचा. दोन-चार पावसाळ्यांत तो आपोआपही उडतो. नवा पंप बसवला की तो तपासायला कुणी नाही. २०१६ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेने लिहिलं की अजून सुमारे २ कोटी लोक मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिकचं पाणी पितात, आणि सरकारी खोल विहिरी राजकीय वजन असलेल्यांच्या दारात गेल्या आहेत.

यात अज्ञान कुठे आहे ते मला दाखवा.

आणखी एक बारकावा. लाल-हिरवा केल्यामुळे ४९ वाला पंप हिरवा झाला आणि ५१ वाला लाल. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तर १० ची आहे. सोपं करताना असं काहीतरी कापलं जातंच. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण काय कापलं ते कापणाऱ्याला तरी माहीत असावं.

वाचनमात्र

‘आणि त्याच लाल पंपावर हंडा भरायचे.’ इथे थांबलो जरा वेळ.

दीडशहाणा

ठीक, हा मुद्दा घेतो. पण हा पाण्याच्या सोयीचा प्रश्न झाला, संवादाचा नाही. जिथे सोय आहे तिथे तरी अज्ञान आडवं येतंच ना? घरात मीठ, साखर, पाणी असून मुलाला जलसंजीवनी न देणाऱ्या आया आहेतच.

मृद्गंध_

बरं झालं तुम्हीच जलसंजीवनी काढलीत. तिचीच गोष्ट माझी सगळ्यात आवडती आहे.

१९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने द्यायला लावलं, नातेवाइकांच्या हातून. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास असायचं ते ३.६ वर आलं. विज्ञान तिथेच सिद्ध झालं. पुढचा प्रश्न ते घराघरात न्यायचा.

ते काम १९८० पासून दहा वर्षं ‘ब्रॅक’ या बांगलादेशातल्या संस्थेने केलं. बायका कार्यकर्त्या १ कोटी २० लाखांहून जास्त घरांत गेल्या. पुड्या वाटल्या नाहीत, करायला शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आईने समोर करून दाखवायचं. मीठ जास्त झालं तर मुलाला अपाय होतो, म्हणून नमुने तपासणीला जायचे. आणि मेख इथे आहे: कार्यकर्तीचा पगार किती घरं फिरली यावर नव्हता. मागाहून दुसरं माणूस जाऊन काही आयांना विचारणार, त्यांना किती मुद्दे आठवतात त्यावर तिचे पैसे.

आयांना सगळं पाठ झालं. तरी सुरुवातीच्या पाहणीत दिसलं की मूल आजारी पडल्यावर ते पाणी देणाऱ्या अगदी थोड्या.

मग कुणीतरी उलट दिशेने विचारलं: कार्यकर्त्या स्वतःला जुलाब झाल्यावर काय घेतात? तर त्यातल्या बऱ्याच जणी औषधाच्या गोळ्या घेत होत्या! साध्या मीठ-गुळाच्या पाण्यावर त्यांचाच भरवसा नव्हता, आणि आयांना ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हा त्यांना ढाक्याला नेऊन ते पाणी शरीरात कसं काम करतं ते दाखवलं. स्वतःवर वापरून मग दुसऱ्याला सांगा असं झालं. दुसरी चूक अशी सापडली की घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, आणि डॉक्टरकडे न्यायचं की नाही हे ठरवणार तेच. मग बाजारात, मशिदीत सभा सुरू झाल्या. त्यानंतर वापर वाढला.

आज जुलाबात जलसंजीवनी देण्यात बांगलादेश जगात वरच्या नंबरांत आहे. शाळा सुधारण्याची वाट पाहिली असती तर किती मुलं गेली असती याचा हिशेब तुम्हीच करा.

टाचणवही

मृद्गंध, हे वाचून माझ्याच पोटात गोळा आला. मी जे पत्रक लिहितोय ते मी तरी पाळेन का? माझं घर किनाऱ्यावर असतं तर ‘घर सोडा’ या ओळीवर मी उठलो असतो का?

अधोरेखित

विज्ञानाच्या बातम्या करून पोट भरतो, म्हणून आतली बाजू. छोट्या वर्तमानपत्रात विज्ञानाचा वेगळा माणूस नसतो. सकाळी नगरपालिका, दुपारी अपघात, संध्याकाळी ‘अमेरिकेतील संशोधकांच्या मते’. ते संशोधन तिकडच्या वृत्तसंस्थेने पाठवलेलं आणि मी तासाभरात मराठीत घातलेलं. आपल्याच विद्यापीठातल्या माणसाला फोन केला तर तो म्हणतो वरून परवानगी आणा, आणि ती येईपर्यंत बातमी शिळी. ही रड आफ्रिकेतल्या पत्रकारांचीही आहे. विकसनशील देशांतल्या विज्ञानाबद्दल तिथल्याच पत्रकारांनी लिहावं, इतरांनी ते फुकट छापावं, म्हणून २००१ मध्ये डेव्हिड डिक्सन यांनी ‘सायडेव्ह डॉट नेट’ सुरू केलं. उपयोग झाला. पण रोजच्या पानावर अजून तिकडूनच येतं.

दीडशहाणांच्या ‘विश्वास ठेवत नाहीत’ला माझं उत्तर: कधीकधी त्यांच्याकडे कारण असतं. २००३ मध्ये नायजेरियातल्या मुस्लिमबहुल कानो राज्यात पोलिओचा डोस बंद पाडला गेला. जगभर बातमी झाली ‘अफवा आणि अंधश्रद्धा’. त्याच कानोत १९९६ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत फायझरने एका नव्या औषधाची चाचणी आजारी मुलांवर केली होती, पालकांची रीतसर संमती घेतली का यावर खटले चालले, आणि २००९ मध्ये कंपनीने कानोशी ७.५ कोटी डॉलरची तडजोड केली. परकी माणसं पेटी घेऊन दारात आली तर कानोच्या बापाने काय समजायचं? शिवाय ते विचारत, मुलं हिवतापाने मरतात त्याचं औषध विकत घ्यावं लागतं आणि आम्ही न मागितलेला डोस फुकट घरपोच कसा? अत्यंत तर्कशुद्ध प्रश्न. २००४ मध्ये तोडगा निघाला तो इंडोनेशियातून, म्हणजे मुस्लिमबहुल देशातून लस आणण्याचा. लसीचं विज्ञान तेच होतं, आणणारा बदलला. तोवर विषाणू बऱ्याच देशांत पसरला होता.

पाकिस्तानात तर २०११ मध्ये अमेरिकी गुप्तहेरांनी अबोटाबादमध्ये लसीकरणाचं सोंग केलं, बिन लादेनचा माग काढायला. पुढे लस देणाऱ्या बायकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. याला संवादकाराने काय करायचं, सांगा.

खारवारा

यावर उतारा नाही. तरी एक. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला आला तेव्हा सुरुवातीच्या फलकांवर होतं, ‘इबोलावर औषध नाही’. वैज्ञानिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर. वाचणाऱ्याने सरळ अर्थ काढला: मग दवाखान्यात कशाला जाऊ, मरायचंच तर घरी मरेन. आजारी घरीच राहिले आणि घरच्यांना लागण. नंतर ‘लवकर आलात तर वाचण्याची शक्यता जास्त’ असं सांगू लागले.

दीडशहाणा

माझ्यावर सगळ्यांनीच मोर्चा वळवलाय. :) माघार घेतो, पण अर्धीच. अवघड विज्ञान सामान्य माणसाला समजेल असं तुम्ही गृहीत धरताय. चिमूटभर मीठ ठीक. विषाणूशास्त्र कसं सांगणार?

अधोरेखित

दक्षिण आफ्रिका. २००० च्या सुमाराला राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी स्वतःच एचआयव्हीमुळे एड्स होतो का यावर शंका घेत होते आणि सरकारी दवाखान्यात औषधं मिळत नव्हती. म्हणजे सगळ्यात सुशिक्षित माणूस चुकत होता, हे नोंदवून ठेवा. तेव्हा १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ने वस्त्यांमध्ये वर्ग घेतले. शिकवणारे बरेचसे स्वतः बाधित, फार शिकलेले नाहीत. सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी काय, रक्तातला विषाणूभार काय, एक गोळी चुकली तर विषाणू औषधाला कसा पुरून उरतो, हे सगळं. ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ लिहिलेले टी-शर्ट घालून ती माणसं मोर्चात गेली, आणि २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने सरकारला आदेश दिला की बाळाला लागण टाळणारं औषध सरकारी दवाखान्यांत द्या. विषाणूशास्त्र समजतं हो. आपला जीव त्यात अडकला असेल तर फार नीट समजतं.

जुनी_पाटी

चाळीस वर्षं शिकवलं, ही शेवटची दोन वाक्यं मला सुरुवातीलाच कुणी सांगायला हवी होती.

खारवारा

आता जरा उलट बाजू, नाहीतर सगळेच एकमेकांची पाठ थोपटतोय. पश्चिम केनियात न्गान्यी नावाचं पर्जन्यकारांचं (पाऊस पाडतो म्हणवणाऱ्यांचं) घराणं आहे. झाडांचा मोहर, मुंग्या, बेडूक बघून पाऊस सांगतात. हवामानशास्त्रज्ञांनी त्यांच्याबरोबर बसून एकत्र अंदाज द्यायला सुरुवात केली, कारण शेतकरी त्यांचं ऐकतो. मला हे ऐकून आधी फार आवडलं. आता प्रश्न पडतो: दोघांचे अंदाज वेगळे आले तर?

दीडशहाणा

अखेर कुणीतरी माझ्या बाजूने! हे विज्ञान उसनं देऊन अंधश्रद्धेला प्रतिष्ठा देणं झालं.

मृद्गंध_

मोहर आणि मुंग्या हे निरीक्षण आहे, अंधश्रद्धा कशी? पाऊस ‘पाडतो’ म्हणणं वेगळं. पण खारवाऱ्याचा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. एवढंच म्हणेन की खात्याचा अंदाजही भरवसा घालवतो. १९९७-९८ च्या एल निनोत झिम्बाब्वेत दुष्काळाचा अंदाज गाजला. तो शक्यतेच्या भाषेत होता, पण खाली पोचेपर्यंत ‘पाऊस येणार नाही’ झाला. बँकांनी कर्ज आखडलं, लोकांनी पेरा कमी केला, आणि पाऊस जवळजवळ नेहमीसारखा झाला. पुढच्या वर्षी कोण ऐकेल?

टाचणवही

मंडळी, मूळ पत्रकाकडे येतो. बांगलादेशचीच आणखी एक गोष्ट यात वापरतोय. १९७० च्या भोला वादळात किमान ३ लाख माणसं गेली. बंदरांचे धोक्याचे क्रमांक जहाजांसाठी होते, गावातल्या माणसाला चार आणि सात यातला फरक कळायचं कारण नव्हतं. पुढे गावातलेच स्वयंसेवक तयार केले, हातात कर्णा, आणि क्रमांकांऐवजी एक, दोन, तीन झेंडे. तीन म्हणजे निघा. तरी १९९१ मध्ये १ लाख ३८ हजारांच्या आसपास गेले, त्यात बायका जास्त. नवरा घरी नाही, निवाऱ्यात आडोसा नाही, गुरं कुणाच्या भरवशावर ठेवायची. मग निवारे वाढवले, बायका स्वयंसेवक घेतल्या. २०२० च्या अम्फान वादळाला २० लाखांहून जास्त लोक आधीच हलवले गेले.

माझा मसुदा असा:

‘वारा समुद्राचं पाणी गावात ढकलणार आहे. पाणी दोन पुरुष उंच होऊ शकतं आणि काही तास ओसरणार नाही. हे नेहमीचं उधाण नाही. पक्कं घर असलं तरी थांबू नका. अंधार पडायच्या आत निघा. म्हातारी माणसं आणि मुलं आधी. गुरं सोडून द्या, बांधून ठेवू नका.’

स्टॉर्म सर्ज हा शब्द काढून टाकलाय. बघा.

जुनी_पाटी

चांगलं आहे. ‘दोन पुरुष’ नव्या मुलांना कळेल का? ते दोन पुरुषमाणसं समजतील.

खारवारा

‘घराच्या छपराएवढं’ करा.

मृद्गंध_

‘निघा’ म्हटलंय, कुठे ते नाही. टाक्लोबानमध्ये काही निवारे किनाऱ्यालगतच होते, तिथेही पाणी शिरलं. आणि हे सांगतंय कोण? खाली संस्थेचं बोधचिन्ह असेल तर त्याने कुणी उठणार नाही.

टाचणवही

छपराएवढं केलं. मृद्गंध, कुठे आणि कोण हे गावागणिक वेगळं असणार, छापता येणार नाही. तळाला दोन ओळी रिकाम्या ठेवल्या आहेत: ‘जायचं ठिकाण’ आणि ‘न्यायला येणारं माणूस’. ज्या गावात जाईल तिथे त्या हाताने भरायच्या. काम देणाऱ्यांना विचारलं, ते म्हणाले रिकाम्या जागा पत्रकात बऱ्या दिसत नाहीत. उद्या त्यांच्याशी पुन्हा बोलतो.

खारवारा

बोला. आणि आधी त्यांच्यातलं कुणी किनाऱ्यावर राहतं का ते विचारा.